विंगेतली किल्लेदारीण

पेंडसे बाईंनी पहिल्याच तासाला मला उभं केलं आणि सांगितलं, "आवाज छान आहे गं तुझा, पण तोंडातून बाहेर येईस्तोवर त्याचं काहीतरी होतं." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मला असा संताप आला की वाटलं, दप्तर उचलावं आणि सरळ शिवणाच्या वर्गात जाऊन बसावं. अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेत आठवीपासून शिवण, गायन किंवा नाट्य, यांपैकी एक विषय घ्यावा लागे. शिवणाला मशीनपाशी नंबर लागत नसे, गायनाला घरी पेटी हवी, म्हणून मी नाट्य घेतलं होतं. त्याला काही लागत नाही, अशी माझी समजूत होती. बाई नुकत्याच पुण्याहून आलेल्या. नवऱ्याची बदली झाली म्हणून आल्या होत्या आणि आमचं बोलणं ऐकून रोज नव्यानं दचकत होत्या. मी "मले" म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी. "पानी" म्हटलं की दोन आठ्या. त्यांनी आम्हां प्रत्येकीला एकेक चिंचोका दिला. तो गालात ठेवायचा, पोटावर हात ठेवून श्वास घ्यायचा आणि एकेक शब्द असा बोलायचा की मागच्या भिंतीला टेकलेल्या मुलीला तो स्वच्छ पोचला पाहिजे. आधी मी हे सगळं बाईंवरच्या रागानं केलं. नंतर कधीतरी तो राग संपला आणि चिंचोका मात्र गालातच राहिला. पाणी भरताना, भांडी घासताना, रस्त्यानं जाताना मी काहीतरी पुटपुटत असे. गल्लीतल्या बाया मायला विचारत, "पोरीले दाढदुखी हाय का वो?"

आमचं घर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या गल्लीत. पहाटेचा भोंगा झाला की माय उठायची, दुसऱ्या भोंग्याला बाबा निघायचे. बाबा जिनात ऑइलमन होते, यंत्रांना तेल घालायचं काम. घरी आले की त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर रुईचा बारीक थर असायचा आणि अंगाला तेलाचा वास. माय त्यांना दारातच थांबवून अंगणात झटकायला लावायची. माझा धाकटा भाऊ त्या उडणाऱ्या रुईच्या मागे धावायचा. हिवाळ्यात घरात रोज सोल्यांची भाजी. तुरीचे हिरवे दाणे पाट्यावर भरडले की सगळ्या गल्लीत वास दरवळायचा, आणि मग ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, वरून कच्चं तेल. मी पुष्कळ ठिकाणी जेवले, पुढे बरं खायचे दिवसही आले, पण थंडीत सोले भरडले की माझा जीव अजून त्या चुलीपाशीच जातो. असो, खाण्याचं लिहायला लागले तर प्रकरण संपायचं नाही.

आमच्या घरात देव नव्हते. बाबा नागपूरला दीक्षा घेऊन आले त्या दिवशी त्यांनी मायला समोर बसवलं आणि सांगितलं, "आजपासून कोनापुढं डोकं टेकाचं नाही. मानसापुढंही नाही अन् दगडापुढंही नाही." मग घरातले टाक आणि तसबिरी एका फडक्यात बांधून नदीला घेऊन गेले. परतले तेव्हा हातात बुद्धाची एक तसबीर होती. मायनं त्या रात्री जरा मुसमुसून घेतलं, पण सकाळी उठून तिनं स्वतःच त्या तसबिरीला फुलं आणली. बाबा शब्दाचे पक्के. दीक्षेनंतर जिनातल्या आयुधपूजेच्या दिवशी ते मशीनला तेल घालत, पुसून लख्ख करत आणि नारळ फोडायची वेळ आली की बाहेर जाऊन बिडी ओढत बसत. मुकादम चिडायचा, पण मशीन बाबांचं ऐके, मुकादमाचं नाही, त्यामुळे तो काही करू शकत नसे.

मी मॅट्रिकच्या वर्गात गेले त्या वर्षी बाईंनी गॅदरिंगसाठी स्वतःच नाटक लिहिलं. मेळघाटातला एक गड, किल्लेदार लढाईत पडलेला, आणि त्याची बायको गड लढवायला उभी राहते, अशी गोष्ट. शिपाई, सरदार, फितूर कारभारी, सगळे पुरुष आम्ही मुलीच होणार. कोणी वडिलांचं धोतर आणलं, कोणी काजळानं मिश्या काढल्या. कारभाऱ्याचं काम करणारी मुलगी मिशीला हात लावून हसायची आणि मिशी गालभर व्हायची. हे नाटक गॅदरिंगला करायचं आणि मग अकोल्याला शाळांच्या नाट्यस्पर्धेला न्यायचं, असं ठरलं. किल्लेदारणीच्या कामासाठी बाईंनी सगळ्यांना एकच उतारा वाचायला लावला. माझं वाचून झालं तेव्हा कोणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "सुमन, तू." एवढंच. मी घरी पळत आले. आयुष्यात मला जे जे मिळालं, नोकरी, घर, मुलंबाळं, त्यातल्या कशानंही माझ्या पायांना तसं पळायला लावलं नाही.

घरात तालमी सुरू झाल्या. मी भाकरी थापता थापता बोलत असे आणि बाबा दारात बसून सरदाराची वाक्यं म्हणत. त्यांना लिहिलेलं भराभर वाचता येत नसे, पण एकदा ऐकलं की पाठ. फक्त ते सरदाराला वऱ्हाडी करून टाकत. "बाईसाहेब, शत्रू दाराशी येऊन राह्यला, आता काय करता?" मी म्हणायची, "बाबा, येऊन ठेपला, असं आहे." ते म्हणायचे, "माह्या गडावर येऊनच राह्यते." माय हसून हसून डोळे पुसायची.

नाटकात एक प्रवेश असा होता की शेवटच्या लढाईआधी किल्लेदारीण कोनाड्यातल्या देवीला कुंकू वाहते आणि तिच्याशी बोलते. सगळं नाटक त्या बोलण्यावर येऊन थांबायचं. तो प्रवेश मी घरी म्हणायचं टाळत होते. शेवटी एका संध्याकाळी म्हटला. बाबांनी तो ऐकून घेतला.

"हे कोनाले म्हनून राह्यली?"

"देवीले. नाटकातल्या."

माय भाकर उलटायची थांबली. बाबांनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, "नाटकातली देवी म्हनजे पुट्ठ्याचीच असन ना. तू काही किल्लेदारीन नाहीस अन् थे काही देवी नाही. म्हन बिनधास्त." मला इतकं हलकं वाटलं! जिनात ऑइलमन असलेल्या माझ्या बापाला नाटक म्हणजे काय ते त्या एका संध्याकाळी कळलं होतं. पुढे जे झालं ते पाहता आमच्या शाळेत मात्र एकट्या पेंडसे बाई सोडल्या तर ते कोणालाच कळलेलं नव्हतं.

कारण देवी पुट्ठ्याची नव्हती. आमच्या शाळेत एक रीत होती, आणि ती बाईंना नवीन असल्यामुळे ठाऊक नव्हती. गॅदरिंगच्या नाटकात देवाचा प्रवेश असला की मूर्ती संस्थेच्या अध्यक्षांच्या घरच्या देवघरातून यायची. पितळेची, वीतभर उंचीची, पिढ्यान् पिढ्या पूजेतली. अध्यक्षांच्या पत्नी ती स्वतः तबकात घेऊन येत, चित्रकलेच्या वर्गात चौरंगावर तिची स्थापना होई, नारळ फुटे आणि मग ती रंगमंचावर जाई. त्यांचा तो मान होता. बाईंना वाटलं, वा, खरी पितळी मूर्ती, दिवे पडले की छान चमकेल. त्यांनी रंगीत तालमीलाच ती मागवून घेतली.

रंगीत तालमीला पहिल्या रांगेत मुख्याध्यापिका, अध्यक्षीणबाई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या. मी हिरवं लुगडं नेसले होते, पेंडसे बाईंचंच. त्या प्रवेशात मी कोनाड्यापाशी गेले, कुंकवाची चिमूट घेतली आणि देवीच्या पायांवर सोडली. माझी बोटं मूर्तीला लागली. मग मी बोलले. मला अजून आठवतं, त्या दिवशी माझा आवाज मला स्वतःलाच कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला. बोलून झाल्यावर मी मान वर केली, तर अध्यक्षीणबाई शेजारणीच्या कानाला लागल्या होत्या आणि शेजारीण माझ्याकडे बघत होती. तालीम संपल्यावर अध्यक्षीणबाई पेंडसे बाईंना म्हणाल्या, "मुलगी छान बोलते हो. कोणाची?" बाईंनी कौतुकानं सांगितलं. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. अध्यक्षीणबाई "असं का" म्हणाल्या आणि पदर सावरून निघून गेल्या. मूर्ती त्यांनी स्वतः उचलली नाही, भटजींना बोलवून नेली. मी विंगेत लुगड्याचा काष्टा सोडत उभी होते. मला दिसलं सगळं. पण सोळा वर्षांची पोट्टी मी, मुख्य काम मिळालेलं, मी मनाला म्हटलं, जाऊ दे, त्यांची रीत असेल.

त्यानंतर शाळेत कोणी मला काही बोललं नाही, हेच वाईट होतं. तालमी थांबल्या. बाईंना विचारलं की त्या म्हणायच्या, "होतील गं, होतील." आणि मग एका सकाळी शिपाई मला वर्गातून मुख्याध्यापिकांच्या खोलीत घेऊन गेला. आत बाबा बसले होते. धुतलेलं धोतर, लग्नाकार्याचा कोट, टोपी, आणि हातात चहाची कपबशी. जिनातून खाडा करून ते शाळेत आले होते, आणि माझ्या शाळेत ते त्याआधी कधीच आले नव्हते. पेंडसे बाई खिडकीपाशी उभ्या होत्या.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हेडबाई, आमी दीक्षा घेतलेली मानसं. आमाले देवापुढं हात जोडता येत नाही. नाटकातही नाही. माही पोरगी हे काम करनार नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "बाबा, तुमीच तं म्हनलं होतं..." एवढं माझ्या तोंडून निघालं, तेही चिंचोक्याविना, अस्सल. बाबांनी हात वर केला. बाई पुढे आल्या, म्हणाल्या, "अहो, मी मूर्तीच काढून टाकते. कोनाडा रिकामा ठेवू. ती नुसती बोलेल, हात जोडणार नाही." मुख्याध्यापिका घाईनं म्हणाल्या, "नको हो पेंडसे बाई. त्यांच्या धर्माचा प्रश्न आहे. पालकांचीच इच्छा नाही, तर आपण कोण?" इतक्या गोड आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. बाबांनी बशीत चहा ओतून सावकाश प्यायला, कपबशी टेबलावर ठेवली आणि नमस्कार न करता, ताठ मानेनं बाहेर पडले.

घरी मी काय काय बोलले ते लिहायला नको. शपथ तुमची, मी कुठं घेतली होती, हे म्हटलं. तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही, हेही म्हटलं. मायनं ताट पुढे सरकवलं, मी ते परत सरकवलं. माय म्हणाली, "जेव माय, अन्नावर राग नोको काढू," आणि तिचाच आवाज फाटला. त्या घरात किती तरी दिवस सरदार बोलला नाही. मी भाकरी थापत होते, बाबा दारात बसत होते, आणि मधे फक्त भाकरीचा थापथाप आवाज.

काम पमीला मिळालं. पमी वकिलांची मुलगी, गोरी, भाबडी, माझी चांगली मैत्रीण. ती माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "सुमन, मला नको होतं गं." मी म्हटलं, "मंग सोड ना." ती आणखी रडली. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुला सगळं नाटक पाठ आहे, विंगेतून प्रॉम्प्टिंग कर. मी हो म्हटलं. का म्हटलं? रंगमंचाजवळ राहायला मिळेल म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. भुकेलं माणूस वास घ्यायला खाणावळीपाशी उभं राहतं, तसं. पुढे मी शिक्षिका झाले, किती तरी नाटकं बसवली, पोरींना चिंचोके दिले, पण दिव्यांच्या पुढे कधी गेले नाही. माझी नात पुण्याला कॉलेजात नाटकं करते. ती सांगते, वऱ्हाडी बोललं की आता टाळ्या पडतात, आजी. पडत असतील. मी मान हलवते. मला त्या टाळ्यांचा जरा रागच येतो.

गॅदरिंग कसंबसं पार पडलं. अकोल्याला आम्ही एसटीनं गेलो. पमीच्या मांडीवर तबक, तबकात रेशमी फडक्याखाली देवी. अध्यक्षीणबाईंनी ती मोठ्या मनानं अकोल्यालाही पाठवली होती. बाबा माझ्याआधीच अकोल्याला पोचले होते, माझ्या आत्याकडे. नाटक बघायला येणार, एवढं त्यांनी मायजवळ सांगितलं होतं. मला नाही.

पहिले प्रवेश चांगले गेले. मग तो प्रवेश आला. पमी कोनाड्यापाशी गेली, कुंकू वाहिलं, समईच्या उजेडात देवी लखलखली, पमीनं हात जोडले, डोळे मिटले आणि गप्प झाली. मी विंगेतून पहिला शब्द दिला. काही नाही. पुन्हा दिला. पमीचे ओठ हलत होते, पण ते आमचं वाक्य नव्हतं. मला एकदम उमगलं. ही येडी खरोखरच प्रार्थना करते आहे! समोर पूजेतली देवी, समई, कुंकू, घरी रोज देवघरात म्हणायची सवय. तिचं घरचं स्तोत्र सुरू झालं होतं, मनातल्या मनात, आणि ते भलतं लांब होतं. प्रेक्षकांत पुढच्या बायांनीही हात जोडले. नाटक थांबलं आणि देवपूजा सुरू झाली. मागे पुरुषांच्या रांगांत कुजबुज होऊ लागली, कोणीतरी खाकरलं. पेंडसे बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी माझा दंड घट्ट धरला. मी विंगेच्या काठाशी सरकले, पोटावर हात ठेवला आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असं बोलले.

"आई, आजवर तुझ्यापाशी काही मागितलं नाही. आज मागते. गेलेली माणसं परत मागत नाही, माझा जीव मागत नाही. हे पाय मागे फिरणार नाहीत, एवढंच बळ दे. आणि तेही देणार नसशील तर निदान डोळे उघडे ठेव, मी काय करते ते बघ."

पमीनं दचकून डोळे उघडले, विंगेकडे पाहिलं आणि तलवार उचलली. बक्षीस आम्हांला मिळालं नाही. परीक्षक बोलताना म्हणाले, की किल्लेदारीण तोंड न उघडता फार उत्तम बोलते. लोक खो खो हसले. पमी रडली. बाई हसल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत.

बाहेर बाबा झाडाखाली उभे होते. खिशातून संत्रं काढून त्यांनी ते सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"थो आवाज तुहा होता."

"हो."

"देवीले म्हनत होती?"

"नाही. पमीले. थे येडी हात जोडून बसली होती."

बाबा हसले. इतक्या दिवसांनी हसले आणि माझा भडका उडाला. "हसू नोका! तुमाले काय, तुमची शपथ राह्यली. पुट्ठ्याची देवी असन म्हनत होते, मंग एकाएकी काहून फिरले? मी तिथं उभी राह्यली असती आज. मी! लोकाहीनं मले पाह्यलं असतं."

बाबांनी साल हातातच धरून ठेवलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तुह्या शाळेतल्या शिपायानं मले सांगतलं होतं. त्या बायाहीनं हेडबाईले बजावलं होतं, का त्या पोरीनं आमच्या देवीले हात लावला, आता तिले काढा. सोमवारी तुले काढनार होते. साऱ्या वर्गापुढं. म्हनून मी शनिवारीच जाऊन आलो. म्हटलं, त्याहीनं काढन्यापेक्षा आपून नाही म्हनलेलं बरं. शपथीचं कारन होतंच हाताशी. हेडबाईले बी बरं वाटलं, चहा पाजला मले."

शेजारून टांगे जात होते, सभागृहातून पुढच्या नाटकाची घंटा ऐकू येत होती. मला खूप रडू आलं, आणि बाबांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी राग काही केल्या जाईना. तो कशाचा आहे ते मला सापडायला थोडा वेळ लागला.

"काढू द्याचं होतं त्याहीले," मी म्हटलं. "त्याहीच्या तोंडानं म्हनू द्याचं होतं, का तुले काहून काढून राह्यलो थे. साऱ्या वर्गापुढं. मले ऐकाचं होतं. आता त्याहीनं काहीच केलं नाही. जे केलं थे आपूनच केलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हातातलं साल खाली टाकलं, कोटाला हात पुसले आणि म्हणाले, "तुह्या जागी मी असतो तं मीही हेच म्हनलो असतो. पन मी तुह्या जागी नव्हतो ना, सुमन. मी तुहा बाप होतो."